सणासुदीचे ताट : थोडा हिशेब



दसऱ्याला बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली, की आम्हां शेतकी विभागाच्या लोकांचे शिवारात फिरणे वाढते. तोडणीचा प्रोग्राम, टोळ्यांची सोय, वाहनांचे करार, आणि नेमकी त्याच दिवसांत दिवाळी. गेल्या दिवाळीत एका दिवसात आम्ही सात सभासदांच्या घरी गेलो आणि सातही घरी ताट पुढे आले. लाडू, करंजी, शंकरपाळी, वर गोड चहा. नको म्हणावे तर "साहेब आता मोठे झाले" असे ऐकावे लागते! म्हणून या अंकात खोडवा व्यवस्थापन बाजूला ठेवून आम्ही ताटाविषयी लिहीत आहोत.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर जपून खा म्हणून लिहिणे काहींना उलटे वाटेल. पण आपल्या उसाचा दर उताऱ्यावर ठरतो, सभासदाने किती लाडू खाल्ले यावर नाही. आणि लिहायला कारणही तसेच घडले आहे.

आमच्या एका गटातले जुने सभासद, त्यांना आम्ही तात्याच म्हणतो. साखरेचा विकार बरीच वर्षे होता, गोळ्या कधी घ्यायचे कधी नाही. सणात तर "चार दिवस काही होत नाही" हे ठरलेले. खोडव्याच्या रानात अनवाणी फिरताना पायात धसकट घुसले. तिसऱ्या दिवशी अंथरुणाला रक्त लागलेले सुनेने पाहिले, तेव्हा घरच्यांना समजले. तोवर जखम चिघळली होती. दोन बोटे काढावी लागली. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाले, "दुखलंच नाही, म्हणून बघितलंच नाही."

हे न दुखणेच घातक आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायाच्या बारीक नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम लवकर भरत नाही. आपल्याला हे समजायला अवघड नाही. पाट भरभरून पाणी दिले तर ऊस आधी हिरवागार दिसतो. रान क्षारपड होत चालले हे पंधरा-वीस वर्षांनी जमीन पांढरी पडते तेव्हा दिसते. शरीराचेही तसेच होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरात प्रमाण जास्त, पण खेडी सुटलेली नाहीत. कसे सुटतील? आपले वडील दिवसभर मोटेमागे, नांगरामागे चालत होते, म्हणून सहा पोळ्या जिरत होत्या. आज मोटार मोबाईलवरून चालू होते, नांगरट ट्रॅक्टर करतो. कष्ट कमी झाले, ताट तेवढेच राहिले.

आता हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले, की वरून घातलेली साखर, गूळ, मध, रस या सगळ्यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला ही साखर सुमारे 50 ग्रॅम होते, म्हणजे दहा लहान चमचे. पुरणपोळीला आपण किलोभर डाळीला किलोभर गूळ घालतो. त्यात पंचवीस पोळ्या झाल्या तर एका पोळीत 40 ग्रॅम गूळ गेला. चार पोळ्या खाणाऱ्याने 160 ग्रॅम गूळ खाल्ला. गुळाने साखर वाढत नाही, असे बरेच जण आम्हांला छातीठोकपणे सांगतात. गुळात थोडी खनिजे आहेत हे खरे, पण बाकी बहुतेक साखरच आहे, आणि रक्ताला ती गुऱ्हाळातून आली का कारखान्यातून हे कळत नाही.

रसाचेही तेच. पक्व उसाच्या रसाचा ब्रिक्स 20 आला की आपण खूष होतो. ब्रिक्स 20 म्हणजे शंभर ग्रॅम रसात 20 ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ, त्यातली बहुतेक साखर. गुऱ्हाळावर पाहुण्याला दिलेल्या पेलाभर रसात सात-आठ चमचे साखर असते. त्यावर काकवी आणि गरम गूळ वेगळाच.

मग सण करायचाच नाही का? करायचा. पण नत्र देताना आपण काय करतो? लागणीला 10 टक्के, दीड-दोन महिन्यांनी 40, मग 10, आणि मोठ्या बांधणीला 40. सगळा युरिया एकाच दिवशी फेकणाऱ्या शेतकऱ्याला आपण हसतो. तो जादा युरिया निदान पाण्याबरोबर वाहून तरी जातो. जादा खाल्लेले वाहून जात नाही, चरबी होऊन पोटावर बसते. फराळाचे डबे पंधरा दिवस पुरवावेत, एका बैठकीत एकच गोड पदार्थ घ्यावा.

पंगतीत आधी कोशिंबीर, उसळ, भाजी, कटाची आमटी पोटात जाऊ द्यावी आणि मग पोळीला हात लावावा. साखर रक्तात सावकाश चढते. दोन पोळ्या झाल्या की वर भाताचा ढीग नको, पोळी आणि भात हे एकाच खात्यात जातात. जेवल्यावर लवंडण्याऐवजी पाव तास बांधावरून फिरून यावे. जत्रेच्या मटणात साखर नाही, पण तर्रीचे तेल आणि सोबतच्या भाकरी मोजाव्यात. तेलातुपाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, साखरेला 4.

संध्याकाळी पंगत आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणे चूक. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्याची साखर त्याने एकदम उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. तेवढ्यापुरती आपलीच साखर औषध! शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. गोड खायचे म्हणून स्वतःच्या मनाने जादा गोळी घेणे हाही धोकाच. उपवास करायचा तर डॉक्टरांना आधी विचारावे, आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे हलके खाणे हा समज सोडावा.

राहिला आग्रहाचा प्रश्न, आणि तो माताभगिनींच्या हाती आहे. वाढणारीने दुसऱ्यांदा विचारावे, तिसऱ्यांदा ताटात टाकू नये. यंदा आमचे चिटबॉय आणि ओव्हरसियर नोंदीसाठी दारात आले, तर त्यांना भाजके शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा द्यावा. आम्हांलाही तेच चालेल, तपासणीत आमचीही साखर उंबरठ्यावरच आली आहे.

तात्या आता बूट घालून रानात जातात. रोज रात्री नात त्यांचे तळवे बॅटरी लावून बघते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग