ओल्या बाळंतिणीचे मन

आपली मराठी भाषा बाळंतिणीच्या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. बाळंतविडा, बाळंतकाढा, बाळंतशेपा, बाळंतखोली — एका इवल्या जीवाच्या येण्याने केवढा शब्दांचा संसार उभा राहतो! कॉलेजात मराठी शिकवताना आताच्या मुलींना हे शब्द समजावून सांगावे लागतात. आणि ते सांगता सांगता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे सारे शब्द बाळंतिणीच्या शरीराची काळजी वाहतात. तिच्या पाठीला शेक हवा, पोटाला डिंकाचा लाडू हवा, कानाला रुमाल हवा. तिच्या मनाला काय हवे, याला मात्र आपल्या घरात शब्द नाही.

डॉक्टर मंडळी ज्याला प्रसूतिपश्चात नैराश्य म्हणतात, तो आजार म्हणूनच घरात असूनही ओळखू येत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळजणींना उगाच रडू येते, जीव हळवा होतो. थोडी विश्रांती, दोन गोड शब्द मिळाले की पंधरा दिवसांत हे मळभ आपोआप जाते. पण पंधरवडा उलटूनही उदासी सरत नसेल, बाळ शांत झोपले असताना आईचा डोळा लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, ‘मी आई व्हायच्या लायकीचीच नाही’ असे तिच्या तोंडून येत असेल, तर तो हळवेपणा नव्हे; तो आजार आहे. तो गरोदरपणातच सुरू होऊ शकतो, तसाच बाळ काही महिन्यांचे झाल्यावरही.

माझ्या नात्यातील एका मुलीचे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. पहिलटकरीण. साताऱ्यात सव्वा महिना कसा फुलासारखा गेला. तिसरा महिना लागला आणि ती सांगलीस आली. मी बाळाला पाहायला गेले, तो बाळ गुटगुटीत. पण आईच्या केसांना दोन दिवस फणी लागलेली नव्हती. मला म्हणाली, “मावशी, कशाला काही कमी नाही गं. पण मला काही वाटतच नाही. बाळ रडतं, आणि मी भिंतीकडे बघत बसते.”

सासूबाई जवळच होत्या. “आम्ही चार-चार बाळंतपणं काढली. रडायला सवड होती कुणाला?” असे म्हणून त्या उठल्या. डॉक्टरांकडे नेऊ या, असे मी म्हटले तेव्हा मात्र त्या स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, “माझ्या दुसऱ्या खेपेला आडावर पाण्याला जायची मला भीती वाटायची. पाण्याची नव्हे, माझीच. कुणाला बोलले नाही.” त्या रात्रीपासून बाळाला सांभाळण्याची एक पाळी त्यांनी आपल्याकडे घेतली. डॉक्टरांचे उपचार सुरू झाले आणि काही महिन्यांत पोरगी पुन्हा हसू-बोलू लागली.

हे एका घरापुरतेच आहे काय? मुळीच नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयातील मातांची पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांत हा आजार आढळला. त्यांतील निम्म्याहून अधिकजणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी न पटणे, आणि ‘पुन्हा मुलगीच’ झाल्याची घरातील नाराजी या गोष्टी त्या दुखण्याला खतपाणी घालीत होत्या. २०१७ साली भारतभरच्या अनेक पाहण्या एकत्र पडताळल्या गेल्या, तेव्हाही प्रमाण निघाले २२ टक्के. म्हणजे पाच मातांमागे एक!

माहेरची रीत चांगली आहे, यात शंका नाही. पण ती पंचांगाने चालते. हा आजार पंचांग पाहत नाही. शेकशेगडी थांबते, पाहुणे पांगतात, आणि नेमकी तेव्हाच बाई एकटी पडते. त्यात बाळ झाल्यावर आनंद हा मानलाच पाहिजे! मग दुःख कुणाला सांगायचे?

यावर उपाय आहे, आणि तो दुर्मिळ नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांना अशा मातांशी कसे बोलावे, त्यांच्या मनातील निराशेचे विचार कसे पालटावेत, हे शिकविण्यात आले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनी त्यांच्याकडील मातांपैकी २३ टक्केच आजारी राहिल्या. जिथे सेविका तितक्याच वेळा गेल्या, पण हे शिक्षण न घेता, तिथे हा आकडा ५३ होता. म्हणजे नुसते भेटून यायचे नाही, ऐकायला शिकायचे.

तेव्हा भगिनींनो, आणि बंधूंनोही, बाळ पाहायला जाल तेव्हा झबल्या-टोपड्याबरोबर एक प्रश्न घेऊन जा: “बाळ छान आहे, तुझं कसं चाललंय?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ‘असं काय करतेस, इतकं गोड बाळ आहे’ हे वाक्य मात्र घरीच ठेवा. नवऱ्याने रात्रीची एक पाळी घ्यावी; सलग चार तासांची झोप ही बाळंतिणीला मोठीच भेट आहे. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यांच्याकडे दहा प्रश्नांची एक साधी एडिंबरो प्रश्नावली असते. १९८७ पासून ती जगभर वापरात आली आहे. रक्त कमी असणे, थायरॉइडचा बिघाड यांचीही तपासणी होते. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधेही आहेत. ती अर्थात डॉक्टरांच्याच सल्ल्याने. कुठे जावे हे सुचत नसेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. २०२२ पासून ती सुरू आहे.

एक इशारा मात्र विसरू नका. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले, किंवा स्वतःचे वा बाळाचे बरेवाईट करण्याचे बोलली, तर सकाळची वाट पाहू नये. तिला एकटी सोडू नये आणि त्याच पावली रुग्णालय गाठावे. असे क्वचितच घडते. पण घडते तेव्हा दोन जीवांचा प्रश्न असतो.

यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे, त्यांनी फराळाचे ताट आधी बाळाच्या आईपुढे ठेवावे. आणि ती जेवेपर्यंत बाळाला कुणीतरी घ्यावे.