आधी कोणते पोहणे शिकावे?

बारामती आणि इंदापूर हे तालुके कमी पावसाचे. तरीही येथील मुलांच्या आसपास पाणी पुष्कळ आहे. नीरा डावा कालवा या दोन्ही तालुक्यांतून जातो. इंदापूरच्या कडेने भीमेवरील उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. बागाईत भागात विहिरी आणि शेततळी आहेत. उन्हाळ्याची सुटी लागली की मुले पाण्याकडे धावतात. त्यांना पोहायला शिकवायचे हे पालकांनाही पटते. प्रश्न पडतो तो पद्धतीचा. बेडकासारखे हातपाय फाकवून पोहण्याची पद्धत, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक, आधी शिकावी, की एकामागून एक हात मारत जाण्याची फ्रीस्टाइल?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी एक साधा हिशेब करू. एका माणसाचे वजन ६० किलो आहे. छाती भरून श्वास घेतला की बहुतेकांचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके होते. या माणसाचे आकारमान तेव्हा साधारण ६१ ते ६२ लिटर भरेल. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार त्याने ६० लिटर पाणी बाजूला सारले की तो तरंगू लागतो. म्हणजे पाण्याबाहेर राहणार तो शरीराचा फक्त एक-दोन लिटरचा भाग. पण नुसत्या डोक्याचेच आकारमान सुमारे चार लिटर असते! हातपाय न हलवता संपूर्ण डोके पाण्याबाहेर ठेवणे म्हणूनच शक्य होत नाही. घाबरलेला माणूस मदतीसाठी दोन्ही हात वर करतो, तेव्हा तर हातांचे वजनही पाण्याबाहेर येते आणि डोके आणखी खाली जाते. श्वास पूर्ण सोडला तर बहुतेकांचे शरीर पाण्यापेक्षा जड होते.

यावरून दिसेल की पोहण्यातला मुख्य प्रश्न पुढे जाण्याचा नसून श्वासाचा आहे. आपल्या दोन्ही पद्धती हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवतात.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकदम बाहेर आणि खाली दाबले जातात. पाणी खाली रेटल्यामुळे छाती वर उचलली जाते आणि तोंड समोरच्या बाजूला पाण्याबाहेर येते. श्वास घेणे त्यामुळे सोपे वाटते. समोरचा काठ, दोर, झुडूप किंवा दुसरा माणूस दिसत राहतो. मात्र डोके वर गेले की पाय खाली जातात. शरीर तिरके झाले की पाण्याचा अडथळा वाढतो. त्यात पुढच्या रेट्यासाठी गुडघे जवळ घेताना वेग पुन्हा कमी होतो. दर हिसक्याला थांबणाऱ्या आणि पुन्हा ओढाव्या लागणाऱ्या बैलगाडीसारखी ही चाल आहे.

फ्रीस्टाइलमध्ये डोके उचलायचेच नसते. ते कुशीकडे वळवायचे, अर्धा चेहरा पाण्यातच ठेवायचा आणि तोंडाच्या कोपऱ्यातून श्वास घ्यायचा. शरीर आडवे आणि सरळ राहते. एक हात पाणी ओढत असताना दुसरा हवेतून पुढे येतो, त्यामुळे वेगात खंड पडत नाही. बहुतेक रेटा हातांचाच असतो. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले होते. तरीही १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत मिळवले.

वेगातला फरक विक्रमांवरून कळतो. १०० मीटर फ्रीस्टाइल चीनच्या पान झानलने २०२४ साली ४६.४० सेकंदांत पार केली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तेवढ्याच अंतराला इंग्लंडच्या ॲडम पीटीला २०१९ साली ५६.८८ सेकंद लागले. सेकंदाला मीटरमध्ये हे वेग विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत. ते सुमारे २.१६ आणि १.७६ येतात. पाण्याचा अडथळा वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर अडथळा चौपट. म्हणून शरीराची ठेवण थोडी चुकली तरी शर्यतीत त्याची मोठी किंमत मोजावी लागते. पण वेग हेच सर्वस्व नव्हे. कॅप्टन मॅथ्यू वेबने १८७५ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली ती ब्रेस्टस्ट्रोकनेच, जवळजवळ २२ तास पाण्यात राहून.

मग निवड कशी करावी? ज्याला तलावात स्पर्धेसाठी पोहायचे आहे, ज्याच्याजवळ प्रशिक्षक आहे, त्याने फ्रीस्टाइलने सुरुवात करण्यास हरकत नाही. हातापायांचा मेळ त्यात लवकर बसतो. कठीण असतो तो श्वास. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नेमके उलट. श्वास सोपा, पण पायांची लाथ आणि हातांचा ताल जमायला वेळ लागतो. विहीर, कालवा, जलाशय अशा उघड्या पाण्याजवळ राहणाऱ्या मुलाला मात्र ब्रेस्टस्ट्रोक आधी यावे. समोर पाहत, दम राखत काठ गाठणे हे त्याचे पहिले काम आहे.

या दोहोंच्याही आधी शिकण्याची एक गोष्ट आहे: पाठीवर तरंगणे. वरचा हिशेब पुन्हा पाहा. पाण्याबाहेर राहणारा तो एक-दोन लिटरचा भाग डोक्याच्या मागच्या बाजूचा नसून नाकातोंडाचा असला, की माणूस फारशी शक्ती न खर्चता श्वास घेऊ शकतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एक लिटरची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून तीतले चार मोठे चमचे पाणी काढून टाका आणि झाकण घट्ट लावून ती बादलीत सोडा. बाटलीचा किती थोडा भाग वर राहतो ते मुलांना दिसेल. नंतर रबराने पुरेसे नटबोल्ट तिला बांधा. ती तळाला जाईल. तरंगणे आणि बुडणे यांत अंतर एवढेच असते.

पोहता येते म्हणून पाणी सुरक्षित होत नाही, हेही त्याच तासाला सांगावे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण मृत्यू पावले. एक जण पोहत काठाला लागला. बोटीत लाइफ जॅकेट हवेच, मग पोहणे येवो वा न येवो. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या उतारावरून चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तेथे पोहायचेच नाही. आणि कोणी बुडताना दिसला तर मुलांनी उडी घालू नये. दोर, ट्यूब, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकावे आणि मोठ्यांना हाक मारावी. पाच लिटरचा बंद, रिकामा कॅन जवळजवळ पाच किलो भार तोलतो, म्हणजे डोके पाण्यावर ठेवायला तेवढा पुरे होतो.