तांबड्या रेषेमागील विज्ञान

वसतिगृहात एखाद्या मुलाला रात्री ताप भरला की सर्वांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो : हा ताप साधा आहे, की इतरांना लागणारा? जेथे मुले एकाच पंगतीत जेवतात आणि एकाच दालनात निजतात, तेथे या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास लागणारा प्रत्येक दिवस मोलाचा असतो. म्हणूनच विषाणू लवकर हुडकून काढणाऱ्या प्रकाशीय जैवसंवेदकांची ओळख आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

जैवसंवेदकाचे दोन भाग असतात : एक ओळखणारा, दुसरा कळविणारा. ओळखण्याचे काम बहुधा प्रतिपिंडे करतात. विशिष्ट विषाणूच्या विशिष्ट प्रथिनालाच ती घट्ट चिकटतात. मात्र ही भेट डोळ्यांना दिसत नाही. करोना विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग असतो. ही अदृश्य भेट जो प्रकाशाच्या साहाय्याने कळवितो, तो प्रकाशीय जैवसंवेदक होय.

याच तत्त्वावरील सर्वांत साधे साधन आपण महासाथीच्या काळात पाहिले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२० मध्ये जलद प्रतिजन चाचणीच्या वापरास मान्यता दिली. अशा बहुतेक पट्ट्यांत प्रतिपिंडे लावलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. सोने पिवळे खरे. परंतु त्याचे काही दशक नॅनोमीटरांचे कण हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि त्यामुळे तांबडे दिसतात. नमुन्यात विषाणूचे प्रथिन असल्यास हे कण त्याला धरतात व द्रवाबरोबर पट्टीवरून पुढे सरकतात. वाटेत एका रेषेवर बसविलेली दुसरी प्रतिपिंडे त्या प्रथिनाला अडवितात. असंख्य कण तेथे थबकले की तांबडी रेषा उमटते. पलीकडची नियंत्रण रेषा चाचणी नीट झाल्याची खूण असते. ती न उमटल्यास चाचणी बाद समजावी.

प्रयोगशाळेत याहून सूक्ष्म पद्धत वापरतात. लोलकावर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर देऊन त्यावर प्रतिपिंडे बसवितात. आतून प्रकाश पाडला असता एका ठरावीक कोनात परावर्तित प्रकाश एकाएकी मंदावतो, कारण त्याची ऊर्जा सोन्यातील इलेक्ट्रॉनांच्या लहरींना मिळते. पृष्ठभागाला विषाणू चिकटले की हा कोन किंचित सरकतो. रंगीत कणांची गरज न लागता चिकटण्याची क्रिया घडत असतानाच मोजता येते. स्वीडनमधील लिंकोपिंग येथील संशोधकांनी १९८३ मध्ये या तत्त्वाचा जैवसंवेदनासाठी उपयोग दाखविला. अडचण अशी की लाळेतील किंवा रक्तातील इतर प्रथिनेही सोन्याला चिकटून फसवा संकेत देऊ शकतात. शिवाय उपकरण महाग असते.

पट्टीलाही मर्यादा आहे. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात, म्हणून अल्पसा विषाणूही सापडतो. पट्टीवर अशी वाढ होत नाही. विषाणू थोडे असल्यास रेषा उमटतच नाही. याच कारणास्तव, लक्षणे असूनही जलद चाचणीत विषाणू न आढळल्यास आरटी-पीसीआर करावी, अशी सूचना परिषदेने दिली होती. पट्टीची गती आणि पीसीआरची सूक्ष्मता एकाच स्वस्त साधनात आणणे, हेच या क्षेत्रातील संशोधनाचे ध्येय आहे.

तोवर आम्ही एवढेच सुचवू इच्छितो : रेषा उमटली तर विलंब न लावता मुलाला वेगळे ठेवून वैद्यकीय उपचार सुरू करावेत, रेषा उमटली नाही, पण ताप व खोकला कायम आहे, तर निर्धास्त न राहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि मुलाला वेगळे ठेवताना त्याला परके वाटू देऊ नये. विषाणू ओळखण्याचे काम प्रकाश करील. आजारी लेकराच्या उशाशी बसण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.