एकट्याचा चित्रपट, एकट्याची चाळ

पु. ल. देशपांडे यांच्यावरच्या लेखनात त्यांची चित्रपटातली वर्षे बहुधा दोन ओळींत उरकली जातात. मला हा अन्याय वाटतो. १९४७ च्या ‘कुबेर’पासून १९५३ पर्यंत ते मराठी चित्रपटसृष्टीत अक्षरशः राबले. अभिनय केला, गायले, पटकथा-संवाद लिहिले, चाली बांधल्या. राम गबाले यांच्या ‘वंदे मातरम्’मध्ये (१९४८) पत्नी सुनीताबाई आणि ते पडद्यावर एकत्र आले. बालवाडीत आजही घुमणाऱ्या ‘नाच रे मोरा’ची चाल त्यांचीच, गबाले यांच्याच ‘देवबाप्पा’साठी केलेली.

या उमेदवारीचे फळ म्हणजे ‘गुळाचा गणपती’ (१९५३). कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सारे पुलंचे. ‘सबकुछ पु. ल.’ हे शब्द तेव्हापासून त्यांना चिकटले. नायक भोळाभाबडा, स्वप्नाळू, जगाने सहज बनवावा असा. त्याच्या फजितीला आपण हसतो, पण त्याची कीव करायला पुलं आपल्याला सवड देत नाहीत. याच विनोदी चित्रपटात गदिमांचे ‘इंद्रायणी काठी’ भीमसेन जोशींच्या आवाजात येते. हसवता हसवता प्रेक्षकाला विठ्ठलापाशी नेऊन उभे करायचे आणि तरी रसभंग होऊ द्यायचा नाही, हे संगीत जाणणाऱ्या विनोदकारालाच साधते.

त्यानंतर चित्रपट मागे पडला. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत गेले. तिथे ना चेहरा, ना हातवारे. माणूस उभा करायचा तो आवाजातूनच. पुढच्या एकपात्रीची खरी तालीम मला या दोन मुक्कामांत दिसते. १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ घेऊन ते रंगमंचावर एकटे उभे राहिले. चित्रपटात कॅमेऱ्यामागची बहुतेक कामे एकट्याने पेलली होती, आता चाळीतले सगळे बिऱ्हाडकरू एकट्याने जगवले.

मधल्या काळात नाटककारही पिकत होता. गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’वरून ‘अंमलदार’ आले, पण माझ्या मते त्यांची नाटककार म्हणून खरी ओळख ‘तुझे आहे तुजपाशी’ने (१९५७) पटवली. इंदूरचे रसिक काकाजी आणि व्रतस्थ आचार्य समोरासमोर येतात. काकाजींची ऐसपैस, हिंदीच्या अंगाने जाणारी मराठी ऐकताना प्रेक्षक त्यांच्या बाजूचा होऊन जातो. पण शेवटी आचार्यांचा बांध फुटतो तेव्हा आतापर्यंत ज्याला हसलो त्याचे एकाकीपण अंगावर येते. आचार्यांचे ढोंग उघडे पाडून टाळ्या घेणे सोपे होते. पुलंनी त्यांना आपले दुःख बोलू दिले. ‘गुळाचा गणपती’च्या नायकाशी ज्या मायेने ते वागले, तीच माया इथे विरोधी पक्षालाही मिळाली.

पुढे ‘ती फुलराणी’त (१९७५) शॉची नायिका भक्ती बर्वे यांच्या तोंडून अस्सल मराठी बोलू लागली, आणि १९७८ मध्ये ब्रेख्तच्या संगीतिकेचा ‘तीन पैशाचा तमाशा’ झाला.