दुसरे मांजर आणताना आधी दार बंद

गोव्यातील जुन्या घरात दुसरे मांजर आले, की त्याची ओळख अंगणच करून देत असे. नवे मांजर माडाच्या आडोशाला राही, जुने ओसरीवरून त्याला न्याहाळी आणि कालांतराने दोन्ही आपापली हद्द ठरवून मोकळी होत. नोकरीसाठी हैदराबादला गेलेल्या गोमंतकीयांच्या गच्चीबावली, कोंडापूर भागांतील सदनिकांत ही सोय नाही. तेथे नवे मांजर थेट दिवाणखान्यात सोडले, तर जुन्याला मागे सरकायलाही जागा उरत नाही. अंगणाचे काम मग बंद दाराला करावे लागते.

मांजर आपले घर ओळखते ते मुख्यत्वे वासाने. गालांजवळच्या ग्रंथींतील स्राव ते चौकटीला, सोफ्याला, माणसाच्या पायांना घासून लावते. माणसाला ती केवळ माया वाटते. मांजराच्या लेखी ती मालकीची नोंदही असते. त्यामुळे नव्या मांजराआधी त्याचा वास पोहोचावा लागतो. त्याला अन्न, पाणी आणि वाळूचा ट्रे देऊन स्वतंत्र खोलीत ठेवावे, दोघांच्या अंथरुणांची अदलाबदल करावी, दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण वाढावे. दोन्ही निर्धास्त जेवू लागली, की दार बोटभर उघडावे. याला आठवडा लागेल की दोन महिने, हे मांजरेच ठरवतात. रस्त्यावरून आणलेल्या पिलाला निदान दोन आठवडे वेगळे ठेवणे आरोग्यासाठीही आवश्यक आहे. पॅनल्युकोपेनियासारखा जीवघेणा आजार त्याच्यासोबत घरात येऊ शकतो. जुन्याचे लसीकरण आधीच झालेले असावे. उंच मजल्यावर बाल्कनीला जाळी हवीच.

फिस्कारण्याने घाबरून जाऊ नये, तो संवादच आहे. खरा छळ पुष्कळदा निःशब्द असतो: एक मांजर नुसते वाटेत बसून राहते आणि दुसरे ट्रेपर्यंत जाऊच शकत नाही. म्हणून मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे अधिक, तोही निरनिराळ्या जागी ठेवावा. ताणामुळे मूत्राशयाला दाह होतो आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबू शकतो. बोका वारंवार ट्रेत बसत असेल आणि थेंबही येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे; उशीर झाल्यास एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. जुन्या मांजराने पूर्ण दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तरीही पशुवैद्याला दाखवावे.

काही मांजरे कधीच एकमेकांना बिलगून झोपत नाहीत. एकाने खिडकी आणि दुसऱ्याने कपाटाचा माथा घेतला, तरी त्यांचा संसार सुरळीत चालतो.