शेंदराखालचा धोंडा आणि आपण

आषाढ लागला की मुरगूड आणि वेदगंगेच्या काठच्या बौद्ध वस्त्यांमध्ये आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. वस्तीच्या कडेला, झाडाखाली किंवा ओढ्याच्या वळणावर मरगूबाईचे चार-पाच शेंदरी धोंडे असतात, त्यांचं करायचं काय? तरुण पोरं म्हणतात, नदीत टाका. आज्या काही बोलत नाहीत, पण मंगळवारी तिथं कुणीतरी दहीभात ठेवलेला दिसतो. अलीकडे तिसरंच ऐकू येतं. वर्गणी काढू, स्लॅबचं देऊळ बांधू, आत संगमरवरी अष्टभुजा बसवू.

उत्तराआधी हा धोंडा म्हणजे काय ते पाहू. हात-पाय, नाक-डोळे न घडवलेल्या देवीच्या दगडाला तांदळा म्हणतात. माहूरची रेणुका आणि कार्ल्याची एकवीरा याच रूपात पुजल्या जातात. नदीकाठी एका ओळीत मांडलेले सात खडे म्हणजे साती आसरा. भक्त या दगडांना ‘स्वयंभू’ म्हणतात. एका अर्थी ते खरंही आहे, कारण ते कुणी घडवलेले नसतात. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उन्हापावसानं तो भेगांतून झिजतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटतात आणि आत गोल धोंडा उरतो. ओढ्यातला दगड पाण्यानं घासून गुळगुळीत होतो. त्यात माणसाला डोकं आणि खांदे दिसले, की पुढचं काम शेंदूर करतो.

शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, तेलात कालवून लावलेला. पोटात गेला तर विषच. वर्षानुवर्षं थरावर थर चढत जातात. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरून 2022 साली असा थर उतरवला, तो हजार किलोंहून अधिक भरला आणि आतलं कोरीव काम लोकांना स्पष्ट दिसलं. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासची अशी ठाणी पायी हिंडून पाहत. 1962 च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त त्यांनी मांडलं, की शेंदूर हा बळीच्या रक्ताचा बदली रंग आहे. यातल्या कितीतरी देवींना नवराच नाही, आणि त्यांची ठाणी जुन्या पायवाटांवर आहेत, जिथं अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारंही सापडतात. म्हणजे वेद-पुराणांशी या दगडांचं मूळ नातं नाही. पुराणातली नावं त्यांना मागाहून चिकटली.

आता आपल्या घरातली गोष्ट. मरीआई, आमच्याकडची मरगाई किंवा मरगूबाई, ही पटकीची देवी. गावात पटकी आली की रोगराई गाड्यावर घालून शिवेबाहेर नेऊन सोडायची, आणि हे काम बहुतेक ठिकाणी महारांच्या माथी. हलगी त्यांची, पोतराज त्यांचा, रेडा मारायचा तोही त्यांनीच. गावाची भीती वाहून नेणारे लोक गावाबाहेर, तशी त्यांची देवीही गावाबाहेर. 1884 साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला. रोग पाण्यातून येत होता, आणि चांगल्या पाण्याच्या विहिरीवर आपल्याला जाऊ देत नव्हते. या धोंड्यापुढे आमचं मन कडू होतं ते इथं.

म्हणून धर्मांतरानंतर लोकांनी टोपलीभर देव विहिरीत, नदीत टाकले, त्याला आम्ही चूक म्हणणार नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीसह कुठल्याही हिंदू देवदेवतेला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. त्यात मरगूबाई आली. दहीभात ‘संस्कृती म्हणून’ ठेवतो म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं.

पण आपल्यातच आणखी एक सवय वाढते आहे. दिसला शेंदरी दगड, की ती मुळात महामाया होती असं ठोकून द्यायचं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ आहे, लेण्याद्रीच्या विहारात गणपती बसला आहे, हे उघड दिसतं आणि ते सांगितलंच पाहिजे. पण म्हणून ओढ्यातला प्रत्येक धोंडा बुद्धाचा होत नाही. कोसंबींच्या मते तर भिक्षूंनी लेण्यांसाठी जागा निवडल्या त्याच मुळी जुन्या देवींच्या ठाण्यांजवळच्या. भिक्षूंनी या देवींचं काय केलं? अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती बसली आहे. मुलं खाणारी यक्षिणी, जिला बुद्धांनी तिचंच एक मूल लपवून दुसऱ्या आयांचं दुःख कळवलं आणि जी पुढे मुलांची राखणदार झाली, अशी तिची कथा. दगड फोडला नाही, पण बळी बंद केला. आम्हाला ही रीत जास्त पटते.

कारण धोंडा निरुपद्रवी नाही. आमच्या कामात अजून जट आलेल्या मुली भेटतात. केस गुंतले की ‘यल्लम्माचं बोलावणं’, आणि पुढची वाट आपल्याला ठाऊक आहे. गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात देवदासींची चळवळ उभी राहिली ती याच्याविरुद्ध. महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलन कायदा 2005 चा आहे. जट कापायला कात्री, तेल आणि दोन तास पुरतात. आईची भीती जायला वर्ष लागतं. आईला ओरडून ती जात नाही, हे आम्ही चुका करून शिकलो. दहीभात ठेवणाऱ्या आजींनाही तेच लागू. त्यांना वस्तीसमोर लाजवू नका.

स्लॅबच्या देवळाला मात्र आमचा साफ विरोध आहे. अष्टभुजा बसली की मरगूबाईची ‘महालक्ष्मी’ होते, पुजारी बाहेरून येतो, आणि हा गाडा कुणी ओढला होता हे दोन पिढ्यांत पुसलं जातं. वर्गणी काढायचीच तर विहाराच्या अभ्यासिकेसाठी काढा.

गेल्या आषाढात एका वस्तीत आम्ही पोरांना वही दिली. दगड मोजा, फोटो काढा, जागा लिहा आणि आज्यांना विचारा : हलगीचा मान कुणाच्या घरी, गाडा कुठल्या वाटेनं जायचा, शेवटचा रेडा कधी मारला? नदीत टाका म्हणणारा पोरगाच सगळ्यात जास्त लिहून घेत होता. आज्यांनी पाच दगडांची नावं सांगितली, जागेवर मात्र चारच होते. पाचवा एका आजींनी ओढ्यावर नेऊन दाखवला. धर्मांतराच्या वेळी त्यांच्या सासऱ्यांनी तो तिथं टाकला होता. पाण्यानं शेंदूर कधीच गेला होता, आणि आजी रोज त्याच्यावर धुणं आपटतात.