बर्फावरच्या डागांवरून पेंग्विनांची मोजदाद

अंटार्क्टिकातील एम्परर पेंग्विन हा पेंग्विनांच्या सर्व जातींमध्ये आकाराने सर्वांत मोठा पक्षी असून, किनाऱ्याला धरून असलेल्या समुद्री बर्फावर आणि तेही ऐन ध्रुवीय हिवाळ्यात त्याची वीण होत असल्यामुळे, जगात असे पक्षी किती आहेत हे दीर्घकाळ कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. संशोधन केंद्रांजवळच्या मोजक्याच वसाहतींची नियमित पाहणी होत असे.

ही कोंडी फोडली ती पक्ष्यांच्या विष्ठेने. हजारो पक्षी महिनोन्‌महिने एका परिसरात राहिले, की पांढऱ्या बर्फावर तपकिरी डाग उमटतो. लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेतील एक पिक्सेल, म्हणजे तिचा सर्वांत लहान चौकोनी घटक, साधारण 30 मीटर लांबी-रुंदीची जागा व्यापतो. त्यात पक्षी दिसणे अशक्य, पण डाग ओळखता येतो. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संस्थेचे पीटर फ्रेटवेल आणि फिल ट्रेथन यांनी 2009 मध्ये या डागांवरून 38 वसाहतींची ठिकाणे निश्चित केली आणि त्यांतील 10 पूर्णपणे नवीन निघाल्या.

ठिकाण कळले तरी संख्या कळत नाही. त्यासाठी सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतचे तपशील दाखवणाऱ्या व्यापारी उपग्रहांच्या प्रतिमा घेऊन पक्षी, सावली, विष्ठा आणि बर्फ यांची रंगछटेनुसार विभागणी करण्यात आली, पक्ष्यांनी व्यापलेले क्षेत्रफळ काढले गेले आणि काही वसाहतींच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडून त्यावरून संख्या ठरवली गेली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत 46 वसाहती आणि सुमारे 5,95,000 पक्षी आढळले. हा आकडा पूर्वीच्या अंदाजांपेक्षा बराच मोठा होता. तरीही तो अंदाजच आहे, कारण जोडीतील एक पक्षी बहुधा अन्नासाठी समुद्रात गेलेला असतो आणि थंडीत दाटीने उभ्या राहिलेल्या पक्ष्यांची घनता रोज बदलते.

या पद्धतीचे खरे मोल एका आकड्यापेक्षा दरवर्षीच्या सलग निरीक्षणात आहे. हॅली बे ही एकेकाळी जगातील दुसऱ्या क्रमांकाची मोठी वसाहत होती. तेथील बर्फ वेळेआधी फुटू लागल्याने 2016 पासून सलग तीन वर्षे तिथली वीण जवळजवळ पूर्णपणे फसली. 2022 मध्ये तर बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या मध्य व पूर्व भागातील पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ, पिलांना पाण्यात तग धरू देणारी जलरोधक पिसे फुटण्याआधीच नाहीसा झाला, आणि त्या चार वसाहतींतील एकही पिलू वाचले नसावे असा निष्कर्ष संशोधकांना काढावा लागला. उपग्रह नसता तर इतक्या दुर्गम भागातील हा विनाश कोणाच्याही नोंदीविना घडून गेला असता.

मात्र ही पद्धत सर्वत्र लागू पडत नाही. दक्षिण आफ्रिकेतील अॅडो राष्ट्रीय उद्यानात उपग्रहचित्रांतून संगणकाने हत्ती ओळखले असले, तरी ताडोबातील दाट झाडोऱ्याखालचा वाघ अशा चित्रांत सापडत नाही. त्याच्यासाठी कॅमेरा ट्रॅपच हवेत. ढग आणि ध्रुवीय रात्र हे अडथळे आहेतच.

युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची 10 मीटर तपशिलाची चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. 2012 च्या मोजणीत सर्वांत मोठी ठरलेली वसाहत रॉस समुद्रातील कोलमन बेटाजवळ आहे. जिज्ञासू वाचकांनी सप्टेंबर ते डिसेंबर या काळातील स्वच्छ आकाशाचे चित्र निवडून तेथील डाग स्वतः शोधून पाहावा.